खालच्या जबड्याचा पत्ता

"हे दात तुमचे का?"

लिफ्टमध्ये पाऊल टाकताना कुणी असं विचारलं तर काय उत्तर द्यायचं, ह्याचा तिने आयुष्यात कधी विचार केला नव्हता. ती नुकतीच पोस्टात भांडून आली होती. बाहेर भुरभुर पाऊस, छत्री घरी, केस गालांना चिकटलेले, आणि दातओठ खाणं अजून चालूच. त्यात हा समोर उभा. निळा गणवेश, खिशाला अडकवलेला पाना, आणि दोन्ही हातांत अगदी अलगद धरलेला पुठ्ठ्याचा खोका. खोक्यात, कापसाच्या गादीवर, प्लास्टरचा एक पांढराशुभ्र जबडा.

"माझे माझ्या तोंडात आहेत," ती म्हणाली.

"ते दिसतंय. मघापासून तुम्ही ते एकमेकांवर घासताय."

तिने तोंड मिटलं. मग खोक्यात नीट पाहिलं आणि तिचा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

"कुठे मिळाला हा?"

"घरी आला. पोस्टाने. काल." तो जरा ओशाळला. "मला वाटलं माझाच आहे."

"तुमचा? जबडा?"

"अहो, वर बघा ना काय लिहिलंय. 'वर्कशॉप, तिसरा मजला. आत दात आहेत, जपून.' मी लिफ्टचा मेकॅनिक. ह्याच लिफ्टचं एक चाक झिजलंय, दाते गेलेत त्याचे. कंपनीच्या वर्कशॉपकडे मागवून ठेवलंय. मी म्हटलं आलं चाक. उघडलं तर…" त्याने खोक्याकडे असं पाहिलं की तिला हसू आलं. "रात्रभर टेबलावर होता. मी त्याच्याकडे पाठ करून जेवलो."

ती हसली खरी, पण हात मात्र आधीच खोक्याकडे गेले होते. ती कवळ्या बनवायची. गावोगावचे दंतवैद्य पेशंटच्या जबड्यांचे साचे पोस्टाने पाठवत, आणि ती त्यांवरून दात घडवून परत पाठवी. आठ-नऊ वर्षं दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये मान मोडून काम केल्यावर तिने नोकरी सोडली, ह्या कोऱ्या इमारतीत घर घेतलं आणि पुढच्या खोलीत स्वतःचं टेबल मांडलं. निघताना मालक म्हणाले होते, "जा जा. येशीलच परत." ते वाक्य तिच्या मनात दाताच्या फटीत अडकलेल्या कणासारखं बसलं होतं. परत जायचं नाही, एवढं एकच तिचं ठरलेलं होतं.

आणि नेमकं इथे आल्यापासून हे सुरू झालं. वरचे जबडे येत होते. खालचे येत नव्हते.

"म्हणजे?" त्याने विचारलं.

"म्हणजे डॉक्टर वरचा आणि खालचा वेगवेगळ्या खोक्यांत पाठवतात, एकमेकांवर आपटून टवके जाऊ नयेत म्हणून. वरचा व्यवस्थित येतो. खालचा गायब. आणि एकटा जबडा घेऊन मी काय करू? वरच्याला चावायला खालचा लागतो."

"हे बरीक खरं," तो म्हणाला, आणि उगाचच लिफ्टच्या बटणांकडे बघू लागला.

तिने साचा उचलून बघितला. पुढचे दोन दात नव्हते, मागे एक दाढ होती. नाही. हा तो नव्हता. तिचा चेहरा पडला.

"हा नाही का तुमचा?"

"माझाच आहे, पण हवा होता तो नाही. मुख्याध्यापिकाबाईंचा हवाय. त्यांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही." ती भराभर सांगत सुटली. कुणाला तरी सांगायचंच होतं. "बाई ह्या शनिवारी निवृत्त होतायत. शाळेत समारंभ आहे, त्यांचं भाषण आहे. दात नाहीत म्हणून महिनाभर त्या कुणाशी बोललेल्या नाहीत, नुसती मान हलवतात. साचा पुन्हा घ्यायचा म्हटलं तर म्हणतात, तो लगदा परत तोंडात घालणार नाही. आणि आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला साफ सांगितलंय, ही कवळी वेळेवर झाली नाही तर सगळं काम जुन्या वर्कशॉपला. माझं निम्मं काम त्यांच्याकडूनच येतं. ते गेलं की…"

की 'येशीलच परत'. हे तिने मोठ्याने म्हटलं नाही. पण लिफ्ट बराच वेळ जागच्या जागीच उभी आहे आणि त्याने अजून कुठलंच बटण दाबलेलं नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"चौथं दाबा," ती म्हणाली. "मी तिसऱ्या मजल्यावर राहते."

त्याचं बोट थांबलं. "तिसऱ्यावर तर मी राहतो."

"शक्य नाही. एका मजल्यावर एकच घर आहे."

"तेच म्हणतोय. तिसरं बटण, तिसरा मजला."

"तुमच्या लिफ्टने पार्किंगला पहिला मजला केलाय त्याला मी काय करू? तिथे गाड्या राहतात. माणूस राहत नाही तो मजला कसला?"

"लिफ्ट जिथे थांबते तो मजला," तो शांतपणे म्हणाला. "लिफ्टला कुठे माहीत, कोण राहतं?"

इमारतीत नुकतीच माणसं राहायला आली होती. दारांवर ना नंबर ना पाट्या. पार्किंगला मजला धरायचं की नाही, ह्यावरून बिल्डर आणि रहिवासी ह्यांची जुंपलेली, म्हणून पाट्या गठ्ठ्यातच पडून. दोन घरं मात्र बिनदिक्कत सगळ्यांना सांगत होती, तिसरा मजला.

तिने खोक्याचं झाकण उलटं केलं. डॉक्टरीणबाईंचं जाड निळं अक्षर. पत्त्याच्या खाली, कोपऱ्यात, एकच शब्द होता — 'खालचा'.

ती झाकणाकडे बघत राहिली. मग तिने कपाळाला हात लावला.

"काय झालं?"

"तिसरा मजला, खालचा," ती वाचू लागली. "अहो, हा खालचा जबडा आहे. डॉक्टरीणबाईंनी जबड्याबद्दल लिहिलंय. आणि पोस्टमनकाकांनी…"

"…मजल्याबद्दल वाचलं," त्याने वाक्य पुरं केलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग एकदमच हसायला लागले. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते आणि एक सुळा किंचित पुढे आहे, हे तिने पाहून घेतलं. धंद्याची सवय, असं तिने स्वतःला सांगितलं.

मग त्याला काहीतरी आठवलं. खिशातून त्याने एक चुरगळलेली चिठ्ठी काढली. दाराच्या फटीत सकाळीच अडकवलेली होती. 'घर बंद. पार्सल परत नेले.'

"मी दिवसभर कामावर असतो, काल तेवढा घरी सापडलो. मला वाटलं हे तरी चाक असेल…"

"हाच तो," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंचे दोनच खालचे यायचे होते. एक हा, म्हणजे दुसरा बाईंचा. मी उद्या पोस्ट उघडायच्या आधी दारात उभी राहणार. बघतेच कसा देत नाहीत."

"तुम्हाला नाही देणार."

"का?"

"त्यावर 'खालचा' लिहिलंय ना. खालचा तिसरा मजला मी आहे." तो खाली बघत म्हणाला. "मला न्यावं लागेल तुम्हाला."

*

सकाळी त्याची स्कूटर पार्किंगमध्ये — त्याच्या हिशेबाने पहिल्या मजल्यावर — तयार होती. रस्ते ओले, वळणावर चिखल.

"घट्ट धर… धरा," तो म्हणाला.

"धरलंय," ती म्हणाली. तिने स्कूटरचा मागचा दांडा धरला होता. पुढच्या वळणावर तो दांडा फारसा भरवशाचा नाही असं तिला वाटलं, आणि तिने हात त्याच्या खांद्यावर ठेवला. स्कूटर जरा हळू झाली. रस्ता खराब होता म्हणून असेल.

पोस्टात पोस्टमनकाका गठ्ठे लावत बसले होते. तिने प्रश्न विचारताच त्यांनी चष्मा वर केला आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं, "अहो ताई, तुमच्या बिल्डिंगमध्ये दोन तिसरे मजले. डोकं फुटायची वेळ. पण पाठवणारा शहाणा आहे बघा. दर खोक्यावर स्वच्छ लिहितो, वरचा की खालचा. एकही खोका चुकवलेला नाही मी."

ह्या माणसावर दात धरणं काही तिला जमेना.

परतीच्या पार्सलांच्या खिडकीशी बसलेल्या बाईंचा मात्र वेगळा खाक्या होता. खोका त्यांच्या मागे फळीवर दिसत होता. निळं अक्षर, 'खालचा'. हात लांबवला असता तर मिळाला असता.

"खालचा तिसरा मजला कोण?"

"मी," तो म्हणाला.

"ओळखपत्र. हं. आणि ह्या?"

"ह्या वरचा तिसरा मजला."

"मग ह्यांचं काय काम?"

"जबडा माझा आहे," ती म्हणाली.

खिडकीतल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "पत्ता ह्यांचा, वस्तू तुमची. तुम्हा दोघांचं घर एकच आहे का?"

"नाही," तो म्हणाला. आणि मग, सही करता करता, अगदी हळू, "…अजून."

खिडकीतल्या बाईंना ऐकू गेलं नाही. त्यांनी खोका सरकवला. तिला मात्र गेलं. खोका छातीशी धरून ती बाहेर आली आणि स्कूटरवर बसली. मुख्याध्यापिकाबाईंचा जबडा मिळाल्याचा आनंद होता, हे खरं. पण त्या 'अजून'नेही तिचं डोकं खाल्लं होतं. हा माणूस थट्टा करत होता की… आणि थट्टा असेल तर आपल्याला एवढं वाईट का वाटावं? तिने स्वतःलाच दटावलं. आधी कवळी. बाकी सगळं शनिवारनंतर.

*

ती कामाला बसली की जेवणखाण विसरायची. वरचा आणि खालचा साचा समोरासमोर धरून तिने मेणात एकेक दात बसवला. पुढचे दात अगदी सरळ ओळीत नकोत. बाईंच्या वयाला शोभतील असे, एखादा किंचित तिरका. आत्या दारात उभी राहून बघत होती. आत्या तिच्याबरोबरच राहायची आणि कुणाबद्दलही मत द्यायला वेळ लावायची नाही.

"सकाळचा तो खालचा कोण गं?"

"मेकॅनिक आहे. लिफ्टचा."

"माणूस बरा वाटला. दातही स्वतःचे आहेत."

"आत्या, मला काम करू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं तयार झालं. आता कवळी शिजवायची, म्हणजे साच्यात भरलेलं गुलाबी रसायन पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास एका आचेवर ठेवायचं. तिने बटण दाबलं. भांड्याचा दिवा लागला, मिणमिणला आणि गेला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. इमारतीला अजून तात्पुरतीच वीज होती. लिफ्ट वर निघाली की सगळ्या घरांतले दिवे माना टाकत. मधेच आच गेली तर कवळी सच्छिद्र होणार. आणि दुसरी करायला आता वेळ नव्हता.

ती जिने उतरत खाली धावली. त्याच्या दारावर तिने थाप मारली तेव्हा तिला धाप लागलेली होती. सुट्टीचा दिवस नव्हता, तरी तो घरी होता. का होता, हे विचारायला तिला सुचलं नाही.

"वीज टिकत नाही," ती म्हणाली. "लिफ्ट चालली की माझं भांडं बंद पडतं."

त्याने एकही प्रश्न विचारला नाही. पाना घेतला, खाली गेला, आणि लिफ्टच्या दारावर पाटी लटकली — 'दुरुस्तीसाठी बंद'.

"काय बिघडलंय लिफ्टचं?" तिने कठड्यावरून वाकून विचारलं.

"दातदुखी," खालून उत्तर आलं.

मग संध्याकाळभर तिने खिडकीतून आणि जिन्यातून जे ऐकलं ते ती कधी विसरली नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावरचे आजोबा कुरकुरत होते, आणि तो त्यांना हात धरून प्रत्येक वळणावर बसवत वर नेत होता. भाजीच्या पिशव्या, दुधाच्या कॅन, कुणाचं तरी झोपलेलं बाळ, सगळं त्याच्या हातांवरून वर जात होतं. लोक लिफ्टच्या नावाने बोटं मोडत होते, मेकॅनिकच्या नावानेही मोडत होते. तो म्हणत होता, "हो काकू, अगदी बरोबर. माझंच चुकलं. आज काही होणार नाही, उद्या सकाळी चालू." एकदा तिच्या दारासमोरून जाताना तो थांबला. खांद्यावर तांदळाचं पोतं होतं, कपाळावर घाम.

"दिवा आहे ना?"

"आहे," ती म्हणाली. तिला अजूनही काही म्हणायचं होतं. पण तोवर तो पुढच्या पायऱ्यांवर होता.

भांडं एका आचेवर शिजत राहिलं. तिने दिव्याकडे बघत सरळ मान्य केलं की तिला हा माणूस आवडतो. नुसता आवडतो असं नाही, तो जवळपास नसला की खोली रिकामी वाटेल इतका आवडतो. कबूल करून टाकल्यावर तिला बरंच हलकं वाटलं.

शनिवारी सकाळी कवळी साच्यातून निघाली. एक बुडबुडा नाही, एक डाग नाही. वरचा आणि खालचा जुळवून तिने मधे निळा कागद धरला, चावा तपासला, दोन जागी किंचित घासलं. पुन्हा धरला. सगळे दात एकदम टेकले. कवळी डॉक्टरीणबाईंकडे पोचवायला तो स्कूटर घेऊन खाली उभा होताच.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"बाई बोलल्या का?" तिने श्वास रोखून विचारलं.

"बोलल्या? महिनाभराचं साठवलेलं सगळं बोलल्या. पाहुण्यांचं भाषण राहूनच गेलं. शेवटी शिपायाने घंटा वाजवली तेव्हा थांबल्या." डॉक्टरीणबाई हसत होत्या. "सोमवारी आणखी काम पाठवतेय. तुलाच."

'येशीलच परत'चा तो कण त्या क्षणी निघून गेला. नाही यायची ती परत. कधीच नाही.

"एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "खोक्यावर नुसतं वरचा-खालचा लिहू नका. माझं नाव आणि 'जबडा' हा शब्द…" आणि तिथेच ती अडखळली.

पत्ता नीट झाला की खोके नीट येणार. खालचे जबडे खाली जायचे बंद होणार. मग तो कशासाठी वर येणार? त्याचं चाकही कालच आलं होतं. लिफ्ट ठणठणीत चालत होती. दोन तिसऱ्या मजल्यांमध्ये आता काहीच हरवण्यासारखं उरणार नव्हतं.

"हॅलो? काय म्हणालीस?"

तिने डोळे क्षणभर मिटले. काम ते काम. चुकणाऱ्या टपालाच्या भरवशावर कुणाची वाट बघत बसणारी बाई ती नव्हतीच.

"'जबडा' हा शब्द ठळक लिहा," ती स्पष्ट म्हणाली. "आणि शक्य झालं तर दोन्ही एकाच खोक्यात घाला. मधे कापूस जास्त भरा."

*

मंगळवार गेला, बुधवार गेला. तो आला नाही. लिफ्टमध्येही दिसला नाही. आत्या येता-जाता दाराकडे बघे आणि मोठ्याने सुस्कारे सोडी. गुरुवारी दुपारी तिने हातातली सुरी खाली ठेवली, अंगावरचा पांढरा कोट काढला, आरशात एकदा पाहिलं.

"कुठे निघालीस?" आत्याने विचारलं.

"खाली."

"खाली म्हणजे?"

"तिसऱ्या मजल्यावर."

जिन्याच्या मधल्या वळणावर तो समोरून येत होता. दोघंही थांबले. त्याच्या हातात काही नव्हतं. ना खोका, ना पाना. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"तुमचं काही आलं नाही आज माझ्याकडे," तो म्हणाला.

"मग?"

"मग… तसाच निघालो होतो. रोज निघतो. इथपर्यंत येतो आणि परत जातो." त्याने एक श्वास घेतला. "निमित्त सापडत नव्हतं."

"लिफ्ट बिघडवायची पुन्हा."

"विचार आला होता." खळी उमटली आणि लगेच गेली. "त्या दिवशी पोस्टात मी एक शब्द बोललो. तुम्ही ऐकलात का, मला माहीत नाही. थट्टा नव्हती ती."

ती काही बोलणार, तेवढ्यात खालून दमलेली पावलं आली. पोस्टमनकाका. लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता, ते जिन्यानेच येत. हातात एक मोठा खोका, आणि चेहऱ्यावर घोर चिंता.

"बरं झालं दोघं भेटलात," ते कठड्याला टेकले. "हे काय लिहिलंय बघा. नाव ताईंचं. ठळक अक्षरात 'जबडा'. आणि खाली, 'वरचा आणि खालचा, दोन्ही एकत्र'. आता दोन्ही एकत्र म्हटल्यावर मी कुठल्या दारात देऊ? तुम्हा दोघांचं घर एकच आहे का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याची पार दातखिळी बसली होती. कान लाल झाले होते. त्या दिवशीचा तो एवढासा शब्द, तोही त्याला आता सापडत नव्हता.

"अजून नाही, काका," ती म्हणाली. "पण होईल."

पोस्टमनकाकांनी चष्मा वर करून एकाकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "मग आज कुठे देऊ?"

"वर. माझ्या हिशेबाने तिसरा मजला." तिने खोका त्यांच्याकडून घेतला आणि त्याच्या हातांत दिला. ते हात रिकामेच होते. तिने त्यांवर क्षणभर आपले हात ठेवले.

"जपून," ती म्हणाली. "आत दात आहेत. आणि चल आता वर. आत्या आठवडाभर तुझी वाट बघतेय."

"आत्या?" त्याने कसाबसा आवाज काढला.

"मीही," ती म्हणाली, आणि पुढे पायऱ्या चढू लागली.